बर्फाखालून आलेलं देज

कडाक्याचा महिना, चंद्रकोर दिसली
पोचले एकदाची! बर्फावरच्या गाडीत बसून अंग आंबून गेलंय, पण मन खूश आहे. नदीकाठचं हे व्यापारी गाव केवढं! होणाऱ्या सासूबाई, दोब्रावा, राईची भाकर आणि मीठ घेऊन दारातच उभ्या होत्या. नवरदेव वोयिन दक्षिणेला व्यापाराला गेलाय, येईलच म्हणाल्या. सून आधी नि नवरा मागून, अशी वरात मी तरी पाहिली नाही म्हटलं, तर पोट धरधरून हसल्या. बाबांनी शिकवलेली अक्षरं भूर्जाच्या सालीवर ओरखडतेय. इथं वाचणारं कुणी नाही, म्हणजे काय हवं ते लिहायला मोकळी!

कोर वाढली
सकाळी उंबऱ्यावर तांबड्या अकीकाची माळ. अगंबाई! असले मणी आमच्याकडे सरदाराच्या बायकोलाच. वोयिनचं देज आलं, नवऱ्यानं नवरीसाठी धाडायचं ते, सासूबाई म्हणाल्या. मुलीनं देज आपल्या हातानं अंगावर घातलं की होकार झाला. मी कशाला थांबतेय? लगेच घातली. मणी ओले होते, बर्फ लागलं असेल.

अर्धा चंद्र
काल कानशिलांवर लोंबवायच्या चांदीच्या कड्या, आज ग्रीकांकडचं रेशीम, अख्खा तागा. चिंब भिजलेला, गाळाचा वास येणारा. सासूबाईंनी चुलीपाशी वाळवला, पट्ट्या कापल्या आणि गावभरच्या बायकांना बाहीला लावायला विकल्या. नदी तर गोठलीय. मग आणतं कोण? अंगणात गाडीची खूणही नाही. विचारलं तर म्हणाल्या, खायचं सोडून झाडं कशाला मोजतेस?

पौर्णिमेच्या अलीकडे
शेजारची नेझ्का पाणी भरताना बोलून गेली. वोयिनची नाव शरदातच बुडाली, इथं, धक्क्यासमोर, मालासकट. कुणी वर आलं नाही. माझी सोयरीक ठरेपर्यंत त्यातलं उंबऱ्यावर काही येत नव्हतं; ठरली नि यायला लागलं.
गावाला सगळं ठाऊक होतं. मेल्यांनी मला मालासाठी आणलं!
सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, गेला असता तर देज कुणी धाडलं असतं, वेडे?

पौर्णिमा
देज पुरतं परत केलं की सोयरीक मोडते. पुरतं — दोराही मागे राहता कामा नये. माळ, कड्या नदीवर, पाणी भरायच्या बर्फातल्या भोकात टाकल्या. रेशमासाठी दारोदार गेले. पाया पडले. कुणी देईना. नेझ्कानं हात पाठीमागे लपवला. एवढीशी तर पट्टी, म्हणाली, तेवढ्यानं काय होतंय गं?

दुसरा दिवस
उठले तर माळ गळ्यात. गाठ ओली. सुटत नाही — सुरीनंही नाही —
घसरगाडी मागितली. कुणी घोडा जोडीना.

दुपार
नदी फुटतेय. या थंडीत — कडकड —
दाराला बाहेरून अडसर. बायका अंगणात लग्नाची गाणी म्हणतायत.
गाणं थांबलं.
पाऊल. पाणी निथळतंय. पुन्हा पाऊल —
तो नाही तो, सासूबाई, उघडू नका, मी ओरडतेय —
त्या रडतायत. आनंदानं. अडसर काढतायत. ये रे बाळा, म्हणतायत, किती गारठलास, पाय पूस आणि आत ये, नवरी जरा लाजतेय —
मी लाजत नाहीये, मी