परत आलेल्या गिऱ्हाईकाचा भाव

अल्लीपूर,
६ ऑक्टोबर २००८

श्री. प्रेमदासजी, मु. रोहणा, यांना बंडूजी कापडवाल्याचा नमस्कार आणि जयभीम. (आधी कोणता लिहावा यात अख्खी सकाळ गेली. शेवटी दोन्ही लिहून टाकले, तुम्हाला चालेल तो ठेवून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? माझ्या अंजूने तुमच्या विवेकशी लग्न केलं त्याला तीन वर्षं झाली, आणि व्याही म्हणून मी लिहिलेलं हे पहिलंच पत्र. लग्नाला मी आलो नव्हतो. त्यावर आता काय लिहू?

अठरा दिवसांपूर्वी दुकानावर अंजूचा फोन आला. "बाबा, बारा तारखेले पोरीचं बारसं हाय. येजा." एवढं बोलून ठेवलासुद्धा. अंजूची आई, म्हणजे आमच्या सुलोचनाबाई, दुसऱ्याच दिवशी भावाला घेऊन पोरीकडे जायला बंगलोरच्या गाडीत बसल्या. मी म्हटलं, दसऱ्याचा सीझन आहे, मी मागून विमानाने येतो. बोलून तर गेलो.

आता विमानाचं तिकीट म्हणजे काही मीठ नाही, की पहिल्या दुकानातून घ्यावं. हिंगणघाटच्या नेट कॅफेवाल्याने एका साइटवर एकतीसशे दाखवले. म्हटलं, दुसरीकडे पाहा. दुसरीकडे तेहेतीसशे. तिसरीकडे अठ्ठावीसशे! मी खूश. पण पैसे भरायच्या पानावर पोचेपर्यंत त्यात हा आकार, तो आकार, शिवाय बसायच्या जागेचे वेगळे. (वेगळे म्हणजे? मग अठ्ठावीसशेत काय उभ्याने जायचं होतं?) झाले चौतीसशे. पहिलीवर परत गेलो, तर तिथे पस्तीसशे!

प्रेमदासजी, मी जागच्या जागी ओळखलं. तीस वर्षं मी हेच करत आलो आहे. सगळा बाजार फिरून कोणी परत माझ्याकडे आलं, की त्याच लुगड्याचे मी दहा रुपये जास्त सांगतो, कारण ते त्याला हवंच आहे हे मला कळलेलं असतं. मग दुकानासमोरच्या लहानू टेलरला दुसऱ्या कॅफेत पाठवला. बजावलं, माझं नाव काढू नको, सहज विचारल्यासारखं विचार. लहानू इस्त्रीचा सदरा घालून गेला आणि तोंड पाडून आला. "शेठ, त्याले तुमची गरज समजली. चार हजार म्हणून राह्यला."

तेव्हापासून मला काही सुचत नाही. रोज एसटीने हिंगणघाट, रोज तिन्ही साइट, रोज नवा कागद. काल एका बाईला अडीच मीटरच्या जागी साडेतीन मीटर कापड फाडून दिलं. घरी चहा ठेवतो आणि प्यायचा विसरतो. रात्री सुलोचनाबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "नात तुमच्यावर गेली, हातात आलं थे सोडत नाई. अन् तुमी भाव काऊन पाहून राह्यले? पह्यल्या दिवशी खिशात पैसे नोयते का?"

होते. त्याच दिवशी होते.

आज सकाळी जाऊन एक्कावन्नशेला तिकीट काढलं. एक पैसा कमी करा म्हटलं नाही. कॅफेवाल्याने दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना?

आपला,
बंडूजी

ता. क. : तिकिटं दोन काढली आहेत. दुसरं तुमच्या नावाचं आहे. तुमचं रेल्वेचं वेटिंग हललं नाही, असं सुलोचनाबाईंनी सांगितलं. हे तिकीट परत होत नाही, नावही बदलत नाही, तेव्हा नाही म्हणू नका. शनिवारी सकाळी सहाला वर्धेच्या स्टँडवर भेटा, ओळखपत्र आणा. हे उपकार समजू नका. त्या घराची बेल मला एकट्याने वाजवता येणार नाही. तुम्ही वाजवा, मी मागे उभा राहतो.

ता. क. दुसरा : तिकिटावर तुमचं पूर्ण नाव बरोबर पडलं आहे, काळजी नको. लग्नपत्रिकेवरून उतरवलं. ती तीन वर्षांपासून दुकानाच्या गल्ल्यातच आहे.