धामणीचं पान

विनायक भावजी,

आमचा निरोप न घेता सकाळीच निंबोल्याच्या शेतावर निघून गेलात, म्हणून लिहून ठेवतेय. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तशी यांची कचेरीही गेली. त्यात तुमच्या भावाचा काय दोष? आम्ही दुपारच्या गाडीनं निघतोय.

धामण मागच्या खोलीत तिच्या पेटीत आहे. तिला मेलेला उंदीर द्याल तेव्हा पेटीतल्या भुशावर टाकू नका. मागे तुम्ही तसंच केलंत; उंदरासोबत भुसाही तिच्या तोंडात गेला, अन् बिचारी कितीतरी वेळ जबडा घासत बसली. आधी केळीचं पान अंथरा अन् उंदीर त्यावर ठेवा. तिनं पुरता गिळला की पान काढून घ्या.

ही रीत आईंची. यांनी धामण आणली तेव्हा आई केवढ्या ओरडल्या होत्या! पण तिला भुशातलं खाताना पाहिलं अन् म्हणाल्या, "माझ्या घरात कुणी पानाशिवाय जेवायचं नाही." आई होत्या तोवर आपली पानं मांडताना एक तिचंही निघायचं. हसता हसता यांना ठसका लागायचा, अन् तुम्ही पाठ थोपटायचात.

पानं कापून मोरीशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलीत. घरात कुणी उरलं नाही म्हणून उभ्यानं पातेल्यातून खायचं नाही. सगळी पानं धामणीची नाहीत, भावजी. रोज एक तुमचं आहे.

कोकिळावहिनी