लाल टोपीतला दुसराच मुलगा

सले, बुधवार

प्रिय लल्ला वफा,

तुला आणि दाजींना सलाम. दाजींचा गुडघा कसा आहे? तांजिअरच्या वाऱ्यात उघड्यावर बसू नका म्हणावं. झियाद सुखरूप आहे. हे आधीच सांगतो, कारण शुक्रवारी तू लेकाला न्यायला आलीस की आई तुला समोर बसवून सगळं सांगणार आहे, आणि मग 'बद्रच्या हाती मूल पुन्हा देणार नाही' अशी शपथ तू घेणार. त्याआधी माझं ऐक.

रविवारी आपली मेणदिव्यांची मिरवणूक होती. आईनं झियादला पांढरा जल्लाबा, पिवळ्या सपाता आणि लाल टोपी असं नटवलं. "गर्दीत लांबूनही ओळखू येईल," म्हणाली. (हे गावातल्या प्रत्येक आजीला सुचलं होतं.) मी त्याला खांद्यावर घेतलं. एक सपात निसटली म्हणून खाली उतरवलं, तेवढ्यात ढोल वाजले, मेणाच्या फुलांनी मढवलेले मनोरे गरगर फिरवत नावाडी आले, आणि मी घाईघाईनं पांढरा जल्लाबा उचलून परत खांद्यावर बसवला. खांद्यावरच्या मुलाच्या फक्त सपाता दिसतात, हे तूही मान्य करशील. मी वर खजूर देत होतो, वरून बिया येत होत्या (बऱ्याचशा माझ्या कॉलरमध्ये). झियाद इतका शहाण्यासारखा कधी बसतो? तिथंच मला कळायला हवं होतं. शेवटी वरून आवाज आला, "काका, खाली ठेवा, शू लागलीय. आणि तुम्ही कोण?"

लल्ला, इतका मी जन्मात घाबरलो नव्हतो. त्या पोराला, म्हणजे ताहाला, काखोटीला मारून धावत सुटलो. मागून आई, झियादला हाका आणि मला शिव्या आलटूनपालटून घालत. आमच्यामुळे मिरवणूकही अडली. तर समोरून एक तरुणी तशीच धावत येत होती आणि तिच्या कडेवर आपला झियाद! ती ताहाची मावशी, गिझलान. तिनंही टोपी बघूनच मूल उचललं होतं.

"हा तुमचाच ना?" ती धापा टाकत म्हणाली. "मामा घोरतो म्हणून त्याला कुणी मुलगी देत नाही, एवढं सांगून झालंय यानं."

"घोरणं परवडलं," आई भर रस्त्यात ओरडली, "हा मेला जागेपणीसुद्धा झोपलेला असतो!"

गिझलान इतकी हसली, की मलाही हसू आलं. तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही.

तुझा धाकटा भाऊ,
बद्र

ता. क. शुक्रवारी रिकाम्या हातानं येऊ नकोस. साखरेचे उंच शंकू, दूध, खजूर, मागणी घालायला जे जे लागतं ते सगळं आण. आईला तूच समजाव. हवं तेवढं रागव, पण ये.

आणखी ता. क. आणि झियादला अजून आठवडाभर तरी इथंच राहू दे. तो रोज ताहाकडे खेळायला जातो, संध्याकाळी मी त्याला आणायला जातो. काल माझा पुदिन्याचा चहा पिऊन झाल्यावर गिझलाननं विचारलं, "पण झियाद आज आलाच कुठं होता?" तो घरी आईच्या मांडीवर झोपला होता.