न्हाणीतली घंटीची दोरी

उचगाव, ता. करवीर
गुरुवार, १३ नोव्हेंबर २००३

ती. आक्कास,
धाकट्या बाळासोचा सप्रेम जयभीम.

तुझं गुडघं, तुझी म्हस आणि शेजारणीशी चाललेलं तुझं भांडण, तिन्ही व्यवस्थित असतील असं धरून चालतो. मी ठणठणीत हाय. (प्रसेनजीतचा फोन आला तर त्येलाबी असंच सांग. शब्द बदलू नको.)

पत्रास कारण की, रविवारी प्रसेनजीत पुण्यास्नं टेंपो घेऊन मला न्यायला येतोय. टेंपो! मी काय कपाट हाय? दोन जागा काढल्यात म्हणं. एक त्येचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, जिथली लिफ्ट मनात आलं तरच चालती. दुसरी, म्हाताऱ्यांसाठी बांधलेली सोसायटी. तिचं रंगीत पुस्तक सूनबाईनं, शिवानीनं, धाडलंय. त्यात सगळी म्हातारी दात दाखवत बसल्यात (एवढं दात ह्या वयात कुणाला असत्यात?). आणि सोयी काय, तर न्हाणीत धरायला दांडा, दाबायला घंटी, हाकेला माणूस. आक्का, ह्यातलं माझ्या घरात काय न्हाई सांग! तुझी भावजय शेवंता जाऊन चार वर्षं झाली, पर ह्या घरात डोळं झाकून चाललो तरी उंबरा कुठं हाय ते पायाला ठावं हाय. पुण्यात पायानं कुणाला इचारायचं?

दांडा मी कवाच बसवलाय, भंगारातल्या यष्टीचा. एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, मला दांड्याचं कोण शिकवतंय? घंटीची दोरीबी यष्टीचीच. न्हाणीतनं निघती, खिडकीतनं गल्ली ओलांडती आणि समोरच्या चिमणाबाईच्या चुलीवर घंटी वाजती. नियम गाडीतलाच. डबल बेल म्हंजे चला, सगळं ठीक. सिंगल म्हंजे थांबा, धावत या. रोज सकाळी साडेसहाला मी डबल मारतो, ती तिकडनं “बरं, बरं!” म्हणून वरडती, की दोघं आपापल्या कामाला. पुण्यात एवढी चौकशी कोण करणार?

पर गेल्या शुक्रवारी घात झाला. चिमणाबाईनं, एवढी दोरी आयती हाय म्हणून, तिच्यावर ओली वाकळ वाळत घातली. वाकळंच्या वजनानं तिच्याच घरात घंटी वाजली. एकदाच. वाजवली तिनं आणि बोंबलत सुटलीबी तीच. तिचा पोरगा कृष्णात तालमीतली चार पोरं घेऊन आला आणि दार फोडलं. मी तोंडाला साबण लावून बसल्यालो. दार गेलं, कडी गेली, अब्रू तर पार गेली. बरं, जित्ता हाय का बघून तरी फोन करावा! त्या शहाण्यानं आधीच पुण्याला कळवलं, “मामांचं काय खरं न्हाई.” म्हणून हा टेंपो.

तवापासनं जेवण जाईना. रविवारी पोरगं दारात हुभं राहिलं, की मी काय बोलणार? त्येचं चुकतंय असंबी न्हाई. त्येला घोर हाय, मला कळतंय. पर मला भ्या वाटतंय, आक्का. एकदा त्या टेंपोत बसलो की ह्या घरात परत यायचो न्हाई.

असो. तू काळजी करू नको. सुतार दार बसवून गेलाय. कळावे, लोभ हायच.

तुझा,
बाळासो

ता. क. हे पत्र मलकापूर गाडीच्या कंडक्टरकडं देतोय. आपलाच चेला हाय, हातात आणून देईल. त्येला चहा पाज. काय इचारू नको.

आणखी ता. क. आता खरं सांगतो. मंगळवारी सकाळी मी न्हाणीत पडलो. दांडा जागच्या जागी होता, हातच पोचंना. दोरी तेवढी हाताला आली. वढली. टिंग टिंग! डबलच बसली. चिमणाबाई “बरं, बरं!” म्हणाली आणि रानात तण भांगलायला गेली. परत वढली, तरी दोनच. एकतीस वर्षांचा हात, त्येला एकावर थांबायचं ठावंच न्हाई. का परत दार फोडतील, परत पुण्याला फोन जाईल म्हणून मीच मुद्दाम दोन मारल्या? माझं मलाबी कळंना. बारा वाजता खुरडत खुरडत सोप्यात आलो. गुडघा भोपळ्यागत सुजलाय. कुणाला बोललो न्हाई.

तूबी तिकडं एकटीच. म्हस घेऊन ये, गोठा रिकामाच हाय. शनिवारच्या पहिल्या गाडीनं तू तरी ये, म्हस मागनं कृष्णात आणंल. रविवारी पोरगं आलं की दारात तू दिसली पायजेस.

न्हाणीत जमलं न्हाई, म्हणून हितनं मारतोय, आक्का. एकच.