उजेड वजा, खडखड अधिक

४ मार्च

मावशी घर विकतेय! मला कुणी विचारलं नाही. विचारायचं कारणही नाही म्हणा – घर तिचं, गुडघे तिचे, आणि दोन मजले चढताना पायरीपायरीला "आई गं" म्हणणारीही तीच. मी आपला चार दिवसांसाठी आलो होतो. गेल्या वर्षी. पिशवी अजून दारामागच्या खुंटीला भरलेलीच आहे. पिशवी भरलेली असली की माणूस पाहुणा असतो, फुकट्या नसतो – असं माझं मत. मावशीचं वेगळं असेल.

५ मार्च

दलाल आला. गल्लीत त्याला सगळे वजाबाकी म्हणतात. पाऊल आत टाकलं की कमी करायला लागतो. जिना – वजा. मागच्या खोलीत उजेड नाही – वजा. खाली पत्र्याचे डबे ठोकायचं वर्कशॉप, दिवसभर ठाण ठाण – "ही तर भलीमोठी वजा, ताई." पुढची खिडकी – अधिक. नळाला जोर – अधिक. मग माझ्याकडे बघितलं.

"हा?"

"भाचा."

"घराबरोबर जोडून येतो का?"

मावशी हसली! एवढं हसायची गरज नव्हती.

चहा घेताना त्यानं मला ज्ञान पाजलं. "घराला किंमत नसते रे बाबा. खिडकीला असते, नळाला असते, जिन्याला असते, शेजाऱ्याला असते. सगळ्यांची गोळाबेरीज म्हणजे घर." हे पटलं. संध्याकाळभर दिसेल त्याला लावून पाहिलं. माझी चप्पल – पट्टा अधिक, टाच वजा. मी – उंची अधिक, शाळा वजा (दहावी, तीही ढकलत ढकलत), नोकऱ्या धरल्या तेवढ्या सोडल्या. बेरीज केली नाही. भूक लागली.

हां, मुख्य राहिलंच. जाताना तो जिन्यात मावशीला म्हणाला, "या भावात तळमजल्यावर एक खोली मिळाली तरी गंगेत घोडं न्हालं." एक खोली! त्यात मावशी, तिचं कपाट, तिचं शिलाई मशीन. आणि मी? कपाटावर?

७ मार्च

मावशी दिवसभर कामावर असते, म्हणून घर दाखवायचं काम माझ्याकडे. वजाबाकीचा नियम एकच – खोट आपणच आधी सांगायची. "गिऱ्हाइकाला सापडली तर भाव धाडकन पडतो. आपण सांगितली तर हळूच उतरतो."

ऐकलं आणि डोक्यात दिवा पेटला. खोटं बोलायलाच नको. नुसतं खरं बोलूनही घराची विक्री अडवता येते की!

९ मार्च

पहिलं गिऱ्हाईक. नवीन लग्न झालेलं जोडपं. ठाण ठाण ऐन रंगात असताना बोलावलं. मागच्या खोलीत नेऊन दार लावलं.

"बघा."

"काय बघू?"

"काही दिसत नाही ना? तेच."

नवरा म्हणाला, दिवा लावू की. बायको म्हणाली, तू लाव आणि तूच राहा. जिना उतरेपर्यंत दोघांची जुंपली होती. मला जरा वाईट वाटलं. जरा.

१२ मार्च

एक निवृत्त मास्तर आले. यांनी भावही सांगितला – पडेल, पण सांगितला. मी घाबरलो. म्हटलं, "वर गच्ची आहे, उन्हाळ्यात घराची भट्टी होते."

"आणि थंडीत?"

"थंडीत पत्रा जास्त वाजतो." हे तेवढं ठोकून दिलं. मास्तर गेले.

जेवताना मावशीनं विचारलं, "काय म्हणाले?"

"विचार करून कळवतो म्हणाले."

तिनं न विचारता आणखी वाढलं. भात चिवडत बसलो. मग संपवला.

१३ मार्च

पुलावर बोटी बघत बसलो होतो. तेवढ्यात एक गिऱ्हाईक कुलूप बघून परत गेलं. हे मात्र मुद्दाम केलं नव्हतं! वजाबाकी म्हणाला, "तुला खुंटीला बांधायला हवं."

१६ मार्च

सत्यानाश.

ड्रम शिकवणारा एक जण आला. केस खांद्यापर्यंत, बोटं सारखी कशावर तरी वाजतायत. मी सुरुवात केली, "साहेब, आवाज फार. आपलं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही." खाली ठाण ठाण सुरूच होती. त्यानं डोळे मिटले आणि खिडकीच्या कट्ट्यावर बोटांनी तोच ताल धरला.

"शेजारी तक्रार करतात?"

"कसली तक्रार! काही ऐकू आलं तर करतील ना!" – आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

"आतापर्यंत प्रत्येक घरमालकानं हाकललंय मला," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं, शपथ! मी घाईघाईनं अंधारी खोली दाखवली. तो आणखी खूश. उन्हानं कातडं ताणतं म्हणे, आवाज बिघडतो. वाद्यांना अशीच खोली हवी. जिना? "पोरांचा दम वाढेल!"

वजाबाकी कुठूनसा उगवलाच. काय ऐकलं कुणास ठाऊक, उभ्या उभ्या भाव चढवून सांगितला. ड्रमवाला घासाघीस न करता हो म्हणाला – दुसरं कुणी घेईल या धास्तीनं!

"उजेड वजा, खडखड अधिक," वजाबाकी स्वतःशीच पुटपुटत होता. "इतकी वर्षं उलटं शिकलो की काय?" मग माझ्या पाठीवर थाप. "शाबास रे, तू विकलंस घर!"

मी. मीच विकलं.

१७ मार्च

पिशवी खुंटीवरून काढून झटकली. बंदरावर हमाली मिळते म्हणतात. मावशीला अजून बोललो नाही.

२० मार्च

वजाबाकीनं मावशीचं नवीन घर दाखवायला नेलं. तळमजला. खोल्या दोन! मागची लहान, तिला स्वतंत्र दार, थेट रस्त्यावर. सवयीनं बोलून गेलो, "धूळ येणार. दार वजा."

"या दाराचेच तर जास्तीचे मोजलेत तुझ्या मावशीनं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून एकच हट्ट – दुसरी खोली, वेगळं दार. मास्तरांच्या भावात बसतच नव्हतं."

मावशी कडी लावून बघत होती. "कधीही जातोस, कधीही उगवतोस. दर वेळी मी गुडघे धरून उठायचं का दार उघडायला?"

घरी येऊन पिशवी रिकामी केली. तळाशी मोजा निघाला. एकच.