गोड लागेपर्यंत

४ तारीख, सोमवार

पाव संपला! विज्ञान केंद्रात आज माझ्या पचनाच्या कार्यक्रमाचे तीन प्रयोग, साडेचारशे शाळकरी पोरं, आणि प्रत्येकाला पोटात काय चालतं ते बघायचंय. मोज्यातून चेंडू सरकवला—ही अन्ननलिका. पिशवीत बिस्किटं आणि संत्र्याचा रस कालवला—हे जठर. अख्खा हॉल "ईईई!" जीव धन्य झाला.

नवी सुरुवात जमली. प्रत्येकाच्या हातात पावाचा तुकडा, आणि माझा दरडावणीचा आवाज: "चावत राहा. गोड लागल्याशिवाय गिळायचं नाही!" लाळ पिठाची साखर करते, हे पोरांना जिभेवर कळतं. आठवडाभर बाबांसमोर तालीम केली होती. खुर्चीत ताठ बसायचे, पहिल्या बाकावरच्या मुलासारखे. हल्ली माझं नावही विसरतात, पण सूचना ऐकून घेतात. तीस वर्षं पोस्टात काढली—नियमाचे पक्के!

७ तारीख

बाबांचं काहीतरी बिनसलंय. घास घेतात, चावतात, गालात धरून बसतात. अर्धा तास! शेवटी मीच बोट घालून काढला.

११ तारीख

डोकं चालेना. पाव गिळतात—सावकाश, पण गिळतात. अंडं नाही. पालेभाजी नाही. ताई फोनवर म्हणाली, "रुसलेत तुझ्यावर. आईची खुर्ची हलवलीस ना?" खुर्ची परत जागेवर ठेवली. अंडं गालातच.

१४ तारीख

आज एका चष्मेवाल्या मुलीनं विचारलं, "आणि गोड लागलंच नाही तर?" मी म्हणालो, "तर अजून चावायचं!" हशा, टाळ्या.

घरी आलो तर सकाळची भाजी अजून तोंडात. मी लोकांच्या पोरांना पचन शिकवतोय! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

१८ तारीख, सोमवार

डॉक्टर म्हणाले, घसा ठीक, दात ठीक. वजन तीन किलो उतरलंय. "शुक्रवारपर्यंत बघू. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल."

नळी! दिवसभर नळ्या दाखवून पोरांना हसवतो मी. ही नको. ही मला बघवणार नाही.

संध्याकाळी ओरडलो त्यांच्यावर. "लहान आहात का? गिळा की!" मान खाली घातली आणि चावत राहिले. डोळ्यांत पाणी होतं. मला माझीच लाज वाटली. माफी मागितली, तर माझ्याकडे नुसतं बघत बसले. रागावलेत? घाबरलेत? काहीच समजत नाही.

२० तारीख

ताई आली. तिनं भरवलं. तेच. ती म्हणाली, "आता जगायचंच नसेल त्यांना." मी तिला गप्प बस म्हणालो. रात्रभर तेच वाक्य कानात.

२२ तारीख, शुक्रवार

हॉस्पिटलची पिशवी दाराशी भरून ठेवली. बाबांच्या गालात सकाळचं अंडं. त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. ओरडलो नाही. नुसतं विचारलं, "बाबा, का गिळत नाही?"

हातानं थांब अशी खूण केली. आणखी थोडं चावलं. मग भरल्या तोंडानं, अगदी ओशाळून—

"अजून गोड लागत नाहीये रे. तूच सांगितलंस ना."