वसिष्ठाशेजारची चांदणी

१४ मे

चि. धाकट्यास, ताईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तू, वहिनी आणि चिमी मजेत असाल असं धरून चालते, कारण तुझ्याकडून कळायची काही सोय नाही.

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं. आता तिला घरातलं एकूण एक जाळं दिसतं आणि प्रत्येक जाळ्याला मी जबाबदार असते. मी अजून त्याच शिवणकामाच्या दुकानात आहे. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवते, तेव्हा नव्या पोरी तोंडात बोट घालतात. फक्त वाटेतल्या स्टुलाला हल्ली इतक्यांदा धडकले की मालकीणबाईंनी ते शेवटी माळ्यावर टाकलं. माझा वेंधळेपणा तुला काही नवा नाही.

मध्यंतरी एका संध्याकाळी अख्ख्या भागातली वीज गेली. घरात उकडत होतं म्हणून आई आणि मी गच्चीवर गेलो. अंधार पडला तसे सप्तर्षी वर आले आणि आई हरखूनच गेली. आपण लहान असताना बाबा बसची ड्यूटी संपवून आले की याच गच्चीवर आपल्याला उताणं झोपवायचे, आठवतं? शेपटीच्या मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून बसलेली बारीक चांदणी अरुंधती. बाबा म्हणायचे, कुणी त्यांना घोडा आणि स्वार म्हणतं, कुणी त्या बारकीला नुसतं 'विसरलेली' म्हणतं. दुर्बिणीतून बघितलं तर वसिष्ठ स्वतःही एकटा नाही, तिथेही जोडीच आहे. तू त्यावर विचारलं होतंस की मग त्यांच्यात भांडणं किती होत असतील.

आईने विचारलं, "अरुंधती दिसते का ग?" मी हो म्हटलं. "दाखव बरं." मी अंदाजाने बोट केलं. खाली उतरताना आईने माझा दंड धरला. मला वाटलं, तिलाच आधार हवा असेल.

जुनी माणसं म्हणायची, ज्याला अरुंधती दिसत नाही त्याचे दिवस भरले. मी रात्रभर तेच घोकत बसले. घाबरू नकोस, मी मरत नाहीये.

सकाळी आईने चहा पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "तुझ्या बाबांनाही आधी तीच दिसेनाशी झाली."

धाकट्या, आपण त्या दोघांना किती चिडवायचो. दिवस कलला की हातात हात घालून चालतात म्हणून गल्लीने त्यांचं नावच वसिष्ठ-अरुंधती ठेवलं होतं. ते प्रेम नव्हतं असं मी म्हणत नाही. पण अंधारात बाबांना काही दिसत नव्हतं. ती हात धरायची म्हणून ते चालायचे.

बस चालवणं त्यांनी स्वतःहून सोडलं. एका संध्याकाळी रस्ता ओलांडणारा माणूस त्यांना अगदी शेवटच्या क्षणी दिसला. त्याला काही झालं नाही, पण दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगून बाबांनी डेपोतलं दिवसाचं काम मागून घेतलं. का, ते आईशिवाय कुणालाच सांगितलं नाही. आंधळा म्हणून कुणी कीव केलेली त्यांना सोसली नसती. आईलाही शपथ घातली. आणि तू त्यांना घाबरट म्हणालास. मीही तुला अडवलं नाही, कारण तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

तू घर सोडलंस त्या संध्याकाळी ते खुर्चीतून उठले नाहीत, हे तू कधी विसरला नाहीस. बाबा गेल्यावर आलास तेव्हाही दिवसभर भिंतीला पाठ लावून बसलास, डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीस. मी तुझा राग केला होता.

ते उठले होते, धाकट्या. मी तुझ्याबरोबर स्टँडवर आले होते, म्हणून मलाही माहीत नव्हतं. आपण वळलो आणि ते आईला न सांगता तुझ्या मागे निघाले. जिन्यात दिवा नव्हता. पायरी चुकली आणि ते खालपर्यंत घसरत गेले. आईने उठवून बसवलं तेव्हा म्हणाले, "गाडी गेली का बघ." महिनाभर लंगडत होते. मला सांगितलं, डेपोत पाय मुरगळला.

आता खरं पत्र. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. समोरचं मला छान दिसतं, म्हणून सुई चालते. कडेचं आणि अंधारातलं कमी होत चाललंय. यावर आज तरी औषध नाही, पण हे हळूहळू वाढतं आणि वेळेवर कळलं तर माणूस पुढची तयारी करू शकतो. डॉक्टर म्हणाल्या, आपल्या घराण्यात हे बापाकडून मुलांत उतरलेलं दिसतं. उतरेलच असं नाही, पण उतरू शकतं. मग त्यांनी विचारलं, भावंडं किती?

मी सांगितलं, एक भाऊ. ट्रक चालवतो. बहुतेक रात्रीचाच.

मागच्या फोनवर तू आईला म्हणालास की गाडी दुभाजकाला घासली, झोप झाली नव्हती. झोपच झाली नसेल. तसंच असू दे, एवढंच मागणं आहे. पण तपासून घे. तोवर अंधारात गाडी काढू नकोस. लायसन्स जाईल, घर कसं चालेल, हे सगळं माझ्या डोक्यात आहे. म्हणून तर हे पत्र तीनदा फाडलं. पण फोनवर तू दोन मिनिटांत ठेवून देतोस, आणि हे दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही.

तुझ्यात निघालं तर डॉक्टर चिमीलाही बघायचं म्हणतात. ती संध्याकाळी खेळताना पडते का? दिवे गेले की तुलाच बिलगते का? वहिनीला विचार. आपल्या घरात एकाने झाकून ठेवलं, त्याची शिक्षा सगळ्यांनी भोगली. चिमीपासून काही झाकू नकोस.

इकडे यायचं मनात आलं तर दिवसाउजेडी ये. मी स्टँडवर घ्यायला येईन. आई माझा हात धरून असेल, किंवा मी तिचा.

रागावलास तरी चालेल, पण डोळे दाखव.

तुझीच,
ताई